मल्चिंग पेपर: अंथरतो किती, काढतो किती आणि रानात राहतो किती?

वाफसा

नमस्कार. शेतीतल्या प्लास्टिकची चर्चा निघाली की ती थोड्याच वेळात 'विघटनशील पेपर स्वस्त झाला की प्रश्न मिटेल' इथे येऊन थांबते. माझे मत वेगळे आहे आणि ते तपासून घेण्यासाठीच हा धागा काढत आहे. मल्चिंग पेपरचा, म्हणजे पिकाच्या बेडवर अंथरायच्या प्लास्टिक फिल्मचा आपल्याकडचा प्रश्न आज तरी मुख्यतः जाडीचा आणि पेपर काढण्याचा आहे. तो कशापासून बनवला जातो, हा मुद्दा त्यानंतर येतो.

आधी हिशेब मांडतो. टोमॅटो, मिरची, कलिंगड, खरबूज या पिकांना सर्रास वापरला जातो तो २५ मायक्रॉन जाडीचा, चार फूट रुंदीचा, वरून चंदेरी आणि खालून काळा पेपर. पॉलिथिलीनची घनता पाहता या जाडीच्या एक चौरस मीटर पेपरचे वजन सुमारे २३ ग्रॅम भरते. बेडमधले अंतर पाच फूट धरले तर एकरी साधारण २,७०० मीटर लांबीचे बेड होतात, म्हणजे ४०० मीटरचे पावणेसात रोल लागतात आणि एका हंगामात एकरभर रानावर सुमारे ७५ किलो प्लास्टिक अंथरले जाते. पीक निघाल्यावर त्यातले दहापैकी नऊ भाग जरी बाहेर आले, तरी सात-साडेसात किलो मातीतच राहते. तेही अखंड राहत नाही, पुढच्या मशागतीत रोटर फिरला की त्याचे कपटे होतात.

आता याच्या शेजारी दुसरा नियम ठेवून पाहा. प्लास्टिकच्या पिशव्यांची किमान जाडी केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. त्यामागचा विचार असा की पातळ पिशवी कोणी गोळा करत नाही, कारण ती वेचण्याची मजुरीसुद्धा तिच्या किमतीतून निघत नाही. जी पिशवी फार तर रस्त्यावर पडेल तिला १२० मायक्रॉन, आणि जो पेपर मातीत पुरून, उन्हापावसात चार महिने ठेवून मग ओढून काढायचा आहे त्याला २५ मायक्रॉन! महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीतही शेती आणि फलोत्पादनासाठीचे प्लास्टिक वगळलेले होते. ती सवलत योग्यच होती, पण तिच्याबरोबर परत काढण्याची कोणतीही अट आली नाही.

जाणकारांनी आपला अनुभव आणि माहिती जरूर लिहावी. पेपर वापरूच नये, असे माझे म्हणणे नाही. पाण्याची बचत, तणाचा बंदोबस्त आणि चंदेरी बाजूच्या परावर्तनामुळे सुरुवातीच्या काळात कमी राहणारे मावा व फुलकिडे हे फायदे खरे आहेत. (लव्हाळा तेवढा याला अपवाद, तो पेपर भोसकून वर येतो.)

मीनाकाठ

वाफसा सर, हिशेब बरोबर आहे, आमच्याकडेही एकरी सहा ते सात रोलच लागतात. मात्र दहापैकी नऊ भाग निघतात, हा आपला अंदाज उदार आहे. पेपर नेमका कुठे तुटतो ते सांगतो, म्हणजे कारण लक्षात येईल.

बेडवर उघडा असलेला भाग उन्हाने कडक होतो, पण दोन्ही बाजूंनी मातीत दाबलेली पट्टी जवळजवळ नव्यासारखी चिवट राहते. काढताना मजूर मधला भाग धरून ओढतात, तेव्हा पेपर बरोबर मातीच्या रेषेवर फाटतो आणि मधला पन्ना हातात येतो. वीतभर रुंदीची दाबलेली पट्टी रानातच राहते. ती काढायची तर बेडच्या दोन्ही कडा आधी मोकळ्या कराव्या लागतात आणि तेही वाफसा असताना, कारण काळी माती वाळून घट्ट झाली की पट्टी सुटत नाही आणि ओली असेल तर पेपरला चिकटून वर येते. टोमॅटोच्या रानात त्याच सुमारास बांबू, तारा आणि सुतळी काढण्याचे काम चाललेले असते. भाव पडलेला असेल तर शेतकरी त्या रानाकडे वळूनही पाहत नाही. सरळ रोटर घालतो.

दुसरी गोष्ट होल पाडण्याची. तापवलेल्या पाइपने होल पाडले तर कड वितळून जाड होते, तिथून पेपर पुढे फाटत नाही आणि सुटा तुकडाही पडत नाही. धारदार पंचाने कापले तर प्रत्येक होलमागे रुपयाएवढी एक टिकली रानात पडते. एकरी सहा हजार रोपे म्हणजे सहा हजार टिकल्या. वजनाने त्या शंभर ग्रॅमही भरणार नाहीत, पण त्या वेचणार कोण?

भंगाराचेही सांगतो. ठिबकच्या जुन्या लॅटरल भंगारवाला दारात येऊन किलोवर मोजून घेऊन जातो, पण मल्चिंग पेपरला तो हातही लावत नाही. दोन्ही पॉलिथिलीनच, एकाच रानातून निघालेली. फरक इतकाच की नळी झटकली की साफ होते आणि पेपरबरोबर पेपरापेक्षा जास्त माती येते. मग तो बांधावर पेटवला जातो. धूर कोणालाच आवडत नाही, पण दुसरा मार्ग आज तरी समोर नाही.

बहुवारिक

मी प्लास्टिक फिल्मच्या उत्पादनात काम करतो, म्हणून पदार्थाच्या बाजूने थोडे लिहितो.

मीनाकाठ यांनी सांगितलेली मातीच्या रेषेवरची फूट हा अतिनील किरणांचा परिणाम आहे. ते टाळण्यासाठी फिल्ममध्ये स्थिरक घातले जातात. काळ्या थरातला काजळीचा अंश स्वतःच किरण शोषून प्लास्टिकला संरक्षण देतो, पण वरच्या चंदेरी थराला वेगळ्या स्थिरकाची गरज असते, आणि खर्च कमी करायचा झाला की पहिली कात्री तिथेच लागते. नेहमी वापरल्या जाणाऱ्या अमाइन गटातल्या स्थिरकांना गंधक मारक ठरते. हरितगृहाच्या आच्छादनांबाबत हे चांगले माहीत आहे. भुरी रोगासाठी गंधकाच्या फवारण्या वारंवार झाल्या असतील तर तोच रोल एका शेतकऱ्याकडे पाच महिने टिकतो आणि दुसऱ्याकडे तीन महिन्यांत पापडासारखा तुटतो, याचे एक कारण हेही असू शकते. त्यात पुनर्वापराचा मिश्र माल घातलेला असेल तर सगळाच अंदाज चुकतो, कारण त्या मालातल्या रेणूंची साखळी आधीच तुटलेली असते. रोलवर मायक्रॉन छापलेले असतात, पण किती उन्हानंतर किती ताण सहन करण्याची ताकद उरेल, हे छापलेले नसते. काढण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा तोच आहे.

विघटनशील म्हणून जे विकले जाते त्यात तीन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. पहिली, साध्या पॉलिथिलीनमध्ये धातूंचे क्षार घालून केलेली 'ऑक्सो' फिल्म. ती उन्हात लवकर तुकडे तुकडे होते आणि डोळ्यांसमोरून नाहीशी होते, पण नाहीशी होणे आणि कुजणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. युरोपीय संघाने अशा प्लास्टिकच्या वस्तू ३ जुलै २०२१ पासून बाजारात आणण्यास बंदी घातली. दुसरी, औद्योगिक कंपोस्टमध्ये सुमारे ५८ अंश तापमानाला कुजणारी, जिचे ठळक उदाहरण पीएलए (साखर किंवा स्टार्चपासून बनणारे पॉलिलॅक्टिक आम्लाचे प्लास्टिक). तिसरी, शेतातल्या साध्या मातीत कुजणारी, म्हणजे प्रामुख्याने पीबीएटी (एक लवचीक प्लास्टिक) आणि स्टार्च यांची मिश्रणे. या तिसऱ्या प्रकारासाठी युरोपचे ईएन १७०३३ हे मानक २०१८ मध्ये आले आणि त्याची मुख्य अट अशी की सुमारे २५ अंशाच्या मातीत दोन वर्षांच्या आत फिल्ममधल्या ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर झाले पाहिजे. तुम्हाला कोणी 'बायो' पेपर विकायला आले तर पहिला प्रश्न हाच विचारा की चाचणी कंपोस्टमधली आहे की मातीतली. उत्तर देताना विक्रेता अडखळला तर पुढचे विचारण्याची गरज नाही.

किंमत हा अडसर आहेच. युरोपातही असा पेपर साध्या पेपरच्या दोन ते तीन पट दराने जातो. मात्र काढण्याची मजुरी आणि विल्हेवाटीचा खर्च वाचत असल्यामुळे तिथे गणित जुळू शकते. आपल्याकडे विल्हेवाटीचा खर्च म्हणजे काडेपेटी, त्यामुळे तुलना सुरू होण्याआधीच संपते.

खोडवा

बहुवारिक, एक शंका आहे. साखरेपासून प्लास्टिक बनवण्याचे बरेच वाचायला मिळते. पुण्याजवळ जेजुरीला प्राज कंपनीने २०२४ मध्ये पीएलएचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. आमच्या उसाचा पेपर आमच्याच मिरचीवर, असे होऊ शकेल का?

बहुवारिक

पीएलए एकट्याने मल्चिंगसाठी उपयोगी नाही. त्याचे काचसदृश अवस्थेचे तापमान साठ अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे नेहमीच्या तापमानाला तो ताठ आणि ठिसूळ राहतो; बेडवर ताणून बसवताना फाटेल. शिवाय साध्या मातीत तो फार हळू कुजतो, म्हणजे आपल्याला नको असलेले दोन्ही गुण त्यात आहेत. पीबीएटीसारख्या लवचीक बहुवारिकाबरोबर (पॉलिमरबरोबर) मिसळून वापर होतो, पण त्यातल्या पीएलएचे प्रमाण वाढले की मातीतले विघटन मंदावते. कप, ताटल्या, पिशव्या यांसाठी जेजुरीचे काम मोलाचे आहे. 'वनस्पतीपासून बनलेले' आणि 'मातीत कुजणारे' हे दोन स्वतंत्र गुण आहेत, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. पीबीएटी आजही बहुतांशी खनिज तेलापासूनच बनते आणि तरीही मातीत कुजते.

दूरदेशी

याच मुद्द्यावर अमेरिकेत सेंद्रिय शेतीची गाडी अडली आहे. तिथल्या सेंद्रिय नियमांनी २०१४ मध्ये जैवआधारित विघटनशील मल्चला परवानगी दिली, आणि लगेच २०१५ मध्ये स्पष्ट केले की फिल्म शंभर टक्के जैवआधारित असली पाहिजे. तशी फिल्म बाजारात मिळत नव्हती. परिणामी सेंद्रिय शेतकऱ्याला साधे पॉलिथिलीन अंथरून हंगामाअखेर काढण्याची मुभा आहे, पण मातीत कुजणारी पीबीएटी फिल्म वापरण्याची नाही! नियम करताना हेतू शुद्ध असला तरी तो मोजायचा कशाने, हे चुकले की असे होते.

मी फ्रान्समध्ये राहतो. इथे आडिवालोर नावाची व्यवस्था २००१ पासून आहे. कीडनाशकांचे रिकामे डबे, खताच्या पिशव्या, शेतातली फिल्म या गोष्टी शेतकरी ठरलेल्या दिवशी सहकारी संस्थेच्या किंवा विक्रेत्याच्या आवारात आणून देतात आणि व्यवस्थेचा खर्च उत्पादकांच्या वर्गणीतून भागतो. तरीही मल्चची फिल्म हाच त्यांचा सर्वांत अवघड माल आहे, मातीमुळेच.

मृद्गंध

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मृदाशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून दोन-तीन गोष्टी जोडते.

पीबीएटी खरोखर कुजते की नुसती बारीक होते, हा प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत होता, कारण मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड फिल्ममधून आला की मातीतल्या सेंद्रिय पदार्थातून, हे वेगळे करता येत नव्हते. ईटीएच झुरिकच्या गटाने २०१८ मध्ये फिल्ममधला कार्बनच खुणेचा, म्हणजे कार्बन-१३ चा घेतला. तो निघणाऱ्या वायूत तर सापडलाच, शिवाय फिल्मवर वाढलेल्या बुरशीच्या तंतूंमध्ये आणि एकपेशीय जीवांच्या शरीरातही सापडला. म्हणजे सूक्ष्मजीवांनी ते खाल्ले, हे निर्विवाद झाले. अशी खात्री पॉलिथिलीनबद्दल देता येत नाही.

पण यावरून सोलापूरच्या किंवा जुन्नरच्या रानात दोन वर्षांत काय होईल, हे आपोआप ठरत नाही. प्रयोगशाळेतली माती सतत ओलसर ठेवलेली असते. आपल्या कोरडवाहू पट्ट्यात फेब्रुवारी ते जून वरची माती तापते, पण कोरडी असते, आणि पाणी नसेल तर सूक्ष्मजीव उष्णतेचे काय करणार? उलट ठिबकच्या ओळीखालची माती वर्षातला बराच काळ ओली राहते, त्यामुळे एकाच बेडवर मधला भाग पीक उभे असतानाच कुजू लागेल आणि कडेची पट्टी पुढच्या पावसापर्यंत तशीच राहील, अशी शक्यता मला दिसते. काळ्या मातीत आणखी एक भानगड आहे. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, पृष्ठभागावरचे कपटे त्यांत उतरतात आणि पावसात भेग मिटली की खाली गाडले जातात. नांगराच्या खाली गेलेला तुकडा पुन्हा कोणाला दिसत नाही, म्हणून वरवर स्वच्छ दिसणाऱ्या रानात प्लास्टिक नाही, असे समजू नये.

परिणामांबद्दल विचाराल तर चीनकडे पाहावे. शिनजियांगच्या कापूस पट्ट्यात अत्यंत पातळ फिल्म दशकानुदशके वापरली गेली, इतकी की तिथे 'पांढरे प्रदूषण' हा शब्द रूढ झाला. मातीत तुकड्यांचे थर साचले की पाणी नीट मुरत नाही, मुळे अडखळतात आणि पेरणी यंत्रात फिल्म गुंडाळली जाते. तिथल्या सरकारने किमान जाडी ८ मायक्रॉनवरून १० मायक्रॉन केली आणि ते मानक २०१८ मध्ये लागू झाले. म्हणजे त्यांनीही पहिला उपाय जाडीचाच केला. वाफसा सरांच्या मुद्द्याला हा सर्वांत जवळचा दाखला.

गावरस्ता

एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा हे प्लास्टिक डांबरी रस्त्यात घालता येणार नाही का? मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांना याच कामासाठी पद्मश्री मिळाली होती.

बहुवारिक

पद्धत चांगली आहे आणि भारतीय रस्ते काँग्रेसची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वेही आहेत. पण तिच्यात प्लास्टिकचे कपटे तापलेल्या खडीवर वितळून तिच्याभोवती पातळ थर बसणे अपेक्षित असते, म्हणून ते स्वच्छ आणि कोरडे लागते. निम्म्याहून जास्त माती असलेला पेपर टाकला तर खडीवर चिखलाचा थर बसेल आणि डांबर धरणारच नाही. धुवायचा म्हटला तर पाणी आणि गाळ कुठे न्यायचा? सिमेंटच्या भट्टीत जाळण्याचा पर्यायही इथेच अडतो, कारण गाडीभाडे मातीचे भरावे लागते. प्रत्येक वाट शेवटी रानातून पेपर किती स्वच्छ निघाला, यापाशीच येते.

खोडवा

ज्यांना शक्य आहे त्यांनी पेपरचा नादच सोडावा, असे मी म्हणेन. उसात आम्ही पाचट (उसाची वाळलेली पाने) जाळणे थांबवले. दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जीवाणू, ही शिफारस आता सगळ्यांना पाठ आहे. हेक्टरी आठ-दहा टन पाचट मिळते, ओल टिकते, तण दबते आणि शेवटी त्याचेच खत होते. डाळिंबाच्या आणि पेरूच्या बागेतही पाचट चालते.

मीनाकाठ

दादा, बागेत चालते, हे मान्य. पण पाच फुटी बेडवर मिरचीची कोवळी रोपे लावायची असतात तेव्हा पाचट वाऱ्याने हलते, उंदीर आणि वाळवी येते, आणि मुख्य म्हणजे चंदेरी पेपरने सुरुवातीला फुलकिडे जसे रोखले जातात तसे पाचटाने रोखले जात नाहीत. बोकड्या (पाने आकसण्याचा रोग) एकदा आला की फवारण्यांचा खर्च पेपरच्या कितीतरी पुढे जातो. भाजीपाल्याला पेपर लागणारच, असे धरून बोलू या.

आणि जाड पेपर आणा म्हणणे सोपे आहे. ५० मायक्रॉन म्हणजे एकरी ७५ च्या जागी १५० किलो, खर्च जवळपास दुप्पट. एकात्मिक फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या निकषांत हेक्टरी ३२,००० रुपये खर्च गृहीत धरून त्याच्या निम्मे अनुदान होते, तेही दोन हेक्टरांपर्यंत. हिशेब हेक्टरवर असल्यामुळे शेतकरी त्यात बसणारा सर्वांत पातळ पेपरच घेणार. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही.

वाफसा

मीनाकाठ, नेमके बोललात. अनुदान अंथरण्यावर मिळते, काढण्यावर मिळत नाही. त्याचा एक भाग पेपर परत आणून दिल्यावर वजनावर द्यावा, असे मला वाटते. उत्पादकांची जबाबदारी ठरवणारी केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे वेष्टनाच्या प्लास्टिकसाठी आहेत. दुधाच्या पिशवीचा उत्पादक तिच्या गोळा होण्याला बांधील आहे, मल्चिंग पेपरचा नाही. ही फट बुजवली तर संकलनाचा खर्च कोण देणार, या प्रश्नाला निदान उत्तर मिळेल.

जाडीबाबत सरसकट ५० चा आग्रह मी धरणार नाही. दोन टोकांच्या मध्ये ३० किंवा ३५ मायक्रॉनचा, चांगल्या स्थिरकाचा पेपर कितपत अखंड निघतो, हे कोणीतरी मोजले पाहिजे. येत्या उन्हाळी मिरचीला आमच्या गटात आम्ही तीन प्रकारचे पेपर शेजारशेजारच्या बेडवर लावण्याचे ठरवत आहोत: नेहमीचा २५ चा, ३५ चा आणि मिळाला तर मातीतील चाचणीचे प्रमाणपत्र असलेला विघटनशील. होल सगळीकडे तापवलेल्या पाइपनेच पाडू. मोजमाप कसे करावे, याबद्दल मृद्गंध ताईंनी मार्गदर्शन करावे.

मृद्गंध

काढलेला पेपर तसाच तोलू नका, माती तोलली जाईल. प्रत्येक बेडमधून ठरावीक लांबीचा, समजा दहा मीटरचा पेपर अंथरण्याआधीच वजन करून खूण करून ठेवा. काढल्यावर तेवढाच तुकडा पाण्यात बुडवून धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि मग तोला. धुतलेले पाणी बारीक चाळणीतून गाळा, म्हणजे सुटलेले कपटेही हिशेबात येतील. त्यानंतर त्याच दहा मीटरमध्ये दोन-तीन ठिकाणी फावड्याने वीतभर खोल माती काढून चाळा. कडेची पट्टी आणि मधला भाग यांची माती वेगवेगळी ठेवा, एकत्र करू नका. विघटनशील पेपरच्या बेडमधली माती मात्र हंगाम संपताच तपासून निष्कर्ष काढू नये. तिथे पुढच्या दोन पावसाळ्यांनंतरही त्याच जागी चाळणी लावावी लागेल, म्हणून बेडच्या टोकांना बांधावर पक्क्या खुणा करून ठेवा.

मीनाकाठ

लोखंडी खुंट्या ठोका सर, बांबूच्या खुणा दोन पावसाळे राहत नाहीत. आणि त्या बेडच्या पट्ट्यात रोटर घालायचा की नाही, हे आधीच ठरवा.

मृद्गंध

घाला, पण तिन्ही प्रकारांत सारख्याच खोलीने आणि एकाच दिवशी.